फरिदाची भिंत

पनवेलच्या मोहल्ल्यात झकेरिया बेकरीवाल्याच्या तळहातांच्या गोष्टी सगळ्यांना पाठ होत्या. भट्टीतून ओढलेला पावाचा पत्रा तो फडकं न घेता उचलायचा. उकळत्या चहाचा ग्लास मुठीत धरून निवांत गप्पा हाणायचा, आणि त्याचं बघून समोरच्यानं ग्लास तसा धरला की तो बिचारा हात झटकत बसायचा. "हात आहेत की चिमटे?" लोक म्हणायचे. झकेरियाला ऐकून बरं वाटायचं. माणसाला कशाचा तरी तोरा लागतोच, आणि याच्याकडे मिरवायला दुसरं होतं काय? ना शिक्षण, ना रंगरूप, ना गोड गळा.

या हातांचं कौतुक नसलेलं माणूस एकच, ते म्हणजे त्याची बायको. "हात कसले, लाकडं आहेत ती," फरिदा म्हणायची. "गरम कळत नाही, गार कळत नाही."

हे मात्र अगदी खरं होतं. भट्टीनं त्याच्या तळव्यांची कातडी अशी काही राठ करून ठेवली होती की चटका बसेल एवढं तापलेलं असलं तरच त्यांना खबर लागायची. त्याच्या खालचं सगळं सारखंच. त्यांचा मुलगा माज लहान असताना त्याला ताप आला की झकेरिया पोराच्या कपाळावर हात ठेवायचा आणि फरिदाकडे बघायचा. "आहे का गं?" ती हसायची. "मला काय विचारता? गाल लावून बघा." मग तो खाली वाकून पोराच्या कपाळाला गाल लावायचा, आणि तापाच्या काळजीतही त्याला जरा लाज वाटायची. पुढे पुढे तो गालही लावेनासा झाला. फरिदा होती ना सांगायला. तिनं म्हटलं ताप आहे, की ताप आहे. तिनं म्हटलं उतरला, की उतरला.

भट्टी त्याच्या बापाच्या वेळची. खोलीएवढी मोठी, विटांची, वर घुमट. तळाखाली वाळू, फुटक्या काचा आणि जाडं मीठ यांचे थर. पहाटे लाकडं जाळायची, निखारे बाजूला ओढायचे आणि मग भट्टीनं पोटात घेतलेल्या धगीवर पाव भाजायचे. जाळावर पाव भाजत नाहीत हो, जाळावर तो करपतो. पाव भाजतो तो साठवलेल्या उष्णतेवर. पहिली धग पावाची. ती जरा ओसरली की खारी आणि नानकटाई. त्याहून उतरली की टोस्ट, ते दुपारपर्यंत आत वाळत पडायचे. एवढं सगळं होऊनही भट्टीच्या अंगात ऊब उरायचीच. तोंडावर लोखंडी झाकण लावून झकेरिया घरी निघायचा, म्हणजे भट्टीच्या मागच्या खोलीत, आणि निघताना त्याला रोज चुटपुट लागायची की एवढी चांगली ऊब फुकट चालली. ताटात टाकलेला घास बघून वाटतं तसं त्याला वाटायचं.

त्या उरलेल्या उबेला वाली मिळाला तो फरिदाच्या दुखण्यामुळे. फरिदा उरणची, समुद्राच्या वाऱ्यात वाढलेली, धडधाकट पोरगी. पण माज झाला त्या पावसाळ्यात तिच्या सांध्यांनी दगा दिला. आमवात. सकाळी बोटं उघडायची नाहीत, गुडघे धरायचे. दवा झाली, मालिश झालं, दर्ग्यावर जाऊन दुआ झाली. उन्हाळ्यात ती बरी असायची, आणि हवेत ओल आली की पुन्हा अंथरुणाला खिळायची. पोराला मांडीवर घेताना तिच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि ती म्हणायची, कांदा कापला आत्ता. घरात कांद्याचा पत्ता नसायचा.

शेजारी कमळाकर राहायचा, मिठागरात राबणारा आगरी माणूस. त्याची बायको वेणू आणि फरिदा या दोघींचं फार सूत. वेणू रोज दुपारी यायची आणि तव्यावर मीठ तापवून, पुरचुंडी करून फरिदाचे गुडघे शेकायची. ते बघता बघता एक दिवस झकेरियाच्या डोक्यात आलं की पुरचुंडीच्या जागी अख्खी भिंतच केली तर? भट्टी आणि खोली यांच्यामध्ये हातभर पोकळ जागा होती. खोलीच्या बाजूनं वीटकाम करून ती जागा वाळू आणि मिठानं भरायची. भट्टीची उरलेली ऊब रोज त्या मिठात उतरेल आणि दिवसभर, रात्रभर हळूहळू खोलीत झिरपेल. कमळाकरनं मिठागरातलं खालचं काळपट मीठ टेम्पोनं आणून टाकलं. पैसे विचारले तर म्हणाला, "भाबीचं पोर मांडीवर बसू दे, मंग बगू." फक्त काम संपल्यावर कुदळ खांद्यावर टाकताना एवढं बोलला, "झकेरियाभाय, एक ध्यानात ठेवा. ही भिंत गार नका पडू देऊ. मीठ तापलेलं हाय तवर सोनं. गार झालं का पानी ओढतं."

"माझी भट्टी गार कशाला पडतेय?" झकेरिया म्हणाला होता.

आणि पडलीही नाही. किती पावसाळे आले आणि गेले. पनवेलात सगळ्यांच्या घरात चपलांवर बुरशी, कपड्यांना कुबट वास, आणि फरिदाची खोली मात्र पापडासारखी कोरडी. ती भिंतीला पाठ लावून बसायची. भाजी निवडणं तिथंच, तस्बीहचे मणी ओढणं तिथंच, माजचा अभ्यास तिथंच. मोहल्ल्यातल्या बायका ओली दुपटी घेऊन यायच्या आणि दोन घटका बसून, वाळवून, गप्पा मारून जायच्या. घर म्हटलं की फरिदाला ती भिंतच आठवायची. माहेरी उरणला गेली तर दुसऱ्या दिवशी परत. "करमत नाही," म्हणायची. झकेरिया खुशीत यायचा. त्याला ती वरवर भिंतीचं बोलतेय आणि खरं त्याचंच बोलतेय असं वाटायचं, आणि त्यात फारसं चुकीचं काही नव्हतं.

मग माज मोठा झाला आणि ऐन विशीत मस्कतला गेला. एका हॉटेलच्या बेकरीत लागला. फरिदानं त्याला हसत निरोप दिला आणि पुढची सगळी वर्षं झुरत काढली. फोनवर त्याचा चेहरा दिसला की तोंड भरून बोलायची. फोन ठेवला की भिंतीकडे तोंड करून पडायची. झकेरियाला ते दिसायचं आणि त्याच्या जिवाचं पाणी व्हायचं. तिचे सांधे त्यानं शेकले, पण या दुखण्यावर त्याच्याकडे भिंत नव्हती.

शेवटी झकेरियालाच धाप लागायला लागली, लाकडं उचलवेनात, आणि माज परत आला. "आता नाही जाणार अम्मी," म्हणाला. त्या दिवशी फरिदानं शिरखुर्मा केला. ना ईद, ना काही. माजनं बेकरी हातात घेतली. कामोठ्याच्या सेक्टरांत पाव जायला लागले, चार दुकानं वाढली. पोरगं कामसू निघालं.

अशात वरून फर्मान आलं की लाकडाच्या भट्ट्या बंद करा, धूर होतो. गॅस नाहीतर वीज वापरा, नाहीतर परवाना विसरा. माजनं लगेच गॅसचा ओव्हन बघितला. झकेरियानं मान फिरवली. धुराचं त्याला कळत होतं, त्याचीच छाती त्या धुरानं गेली होती. पण मागच्या खोलीतल्या भिंतीचं काय?

"अम्मीसाठी हीटर घेऊ," माज म्हणाला.

हीटर आला. फरिदाचा घसा कोरडा पडला, श्वास अडकला, हीटर गेला माळ्यावर. "पावसाळा होऊ दे, मग विझवू," झकेरिया म्हणाला. "पावसाळा होईपर्यंत टाळं लागेल, अब्बा," माज म्हणाला. दोघंही हट्टी. बापलेकांत बोलणं बंद झालं, निरोप फरिदामार्फत जायला लागले. एक दिवस माज अंगणात फोनवर हिंदीत बोलत होता, मस्कतच्या जुन्या शेठला विचारत होता की जागा अजून आहे का. आत फरिदा मेथी निवडत होती. तिनं सगळं ऐकलं. मेथी तशीच ताटात राहिली.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला समोर बसवलं. "भट्टी विझवा," म्हणाली.

"आणि तुझी भिंत?"

"तुम्हीच सांगता ना सगळ्यांना, तुमच्या भट्टीत केवढी ऊब साठलीय म्हणून?"

इथं झकेरियाचा घात झाला. तोरा आड आला हो. त्याला आठवलं, एकदा दुरुस्तीसाठी भट्टी बरेच दिवस बंद होती आणि भिंत शेवटपर्यंत गरम होती. हे तो चारचौघांत शंभरदा सांगून चुकला होता. तो मे महिना होता, आणि पनवेलात मे महिन्यात न तापवलेली भिंतसुद्धा गरम असते, एवढी साधी गोष्ट त्याच्या ध्यानात आली नाही. "बापाच्या वेळेपासून तापतेय भट्टी," तो छाती काढून म्हणाला. "विटांनी, मिठानं किती पिऊन ठेवलंय! गणपतीपर्यंत भिंत गार व्हायची नाही, लिहून घे."

"मग झालं तर," फरिदा म्हणाली.

माजला कळलं तेव्हा तो आईच्या पायाशी येऊन बसला. "पाऊस संपू दे, अम्मी. नव्या ओव्हनच्या धुराड्यातून गरम हवा वाया जातेच. नळी टाकून ती तुझ्या भिंतीत सोडतो. मीठ पुन्हा तापेल." पोरगं मनापासून बोलत होतं. झकेरियाच्या जिवावरचं ओझं उतरलं. गणपतीपर्यंत जुनी ऊब, मग नवी. हिशोब कसा चोख बसत होता.

भट्टी विझवली त्या दिवशी पाऊस कोसळत होता. झकेरियानं शेवटचे निखारे ओढले, झाकण लावलं आणि कडेनं ओल्या मातीचा लेप दिला, म्हणजे आतली ऊब तोंडातून निघून जायला नको. पुढे दुकानात नवा ओव्हन बसला, चकचकीत, आणि बाहेरून हात लावला तर गार. उबेचा एक कण बाहेर जाऊ देत नाही म्हणे. झकेरियाला तो कंजूष वाटला.

पहिले काही दिवस भिंत खरंच गरम होती. रोज संध्याकाळी तो खोलीत यायचा, भिंतीवर तळवा ठेवायचा आणि विचारायचा, "कशी आहे?"

"मस्त ऊब आहे," फरिदा म्हणायची.

"बघ! म्हटलं होतं की नाही?"

पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. गाढी नदी फुगली, सखल भागात पाणी शिरलं. एका संध्याकाळी झकेरिया आला तर भिंतीवर गोधडी टांगलेली. वेणूनं शिवून दिलेली, लाल-निळ्या ठिगळांची. "ही कशाला?"

"भिंतीचा चुना निघतोय. कपड्यांना लागतो."

"गणपतीनंतर रंग काढू."

"हो, काढू."

त्यानं गोधडीवरूनच तळवा दाबला. "कशी आहे?"

"मस्त ऊब आहे," ती म्हणाली आणि चहा ठेवायला वेणूला हाक मारली.

आता तुम्ही म्हणाल, या माणसाला दिसलं नाही का काहीच? दिसलं की. फरिदा हल्ली लोबान जरा जास्तच जाळायची, खोलीत दुसरा कसला वासच येऊ द्यायची नाही. स्वेटर घालून बसायची. पाय पोटाशी घ्यायची. रात्री तो तिची पावलं हातात घेऊन चोळायचा, पण गार पावलं त्या तळव्यांना कळायची कशी? तो चोळत राहायचा आणि तिचं ऐकत राहायचा. ती दुसऱ्याच गोष्टी सांगायची. माजनं आज अमुक ठिकाणी ऑर्डर आणली. माजसाठी पोरगी बघायला हवी, उरणला तिच्या मावसबहिणीची एक आहे. माज आज जेवताना हसला. "बघितलंत का? बापलेक बोलता की नाही आता?" विचारायची. तिचा चेहरा असा उजळलेला असायचा की त्याला वाटायचं, बायको कधी नव्हे ती सुखात आहे. आणि ती होतीही. हेच तर पुढे त्याला सर्वांत जास्त टोचलं.

मग खोकला आला. "लोबानचा धूर," ती म्हणाली. खोकला छातीत उतरला. एका सकाळी तिला उठवेना, ओठ निळसर पडलेले. माजनं तिला उचलून गाडीत घातलं.

हॉस्पिटलातली डॉक्टर तरुण होती, मायाळू होती. दोन्ही फुप्फुसं भरली आहेत म्हणाली. सगळे उपाय चालू केले आणि मग झकेरियाला बाजूला घेऊन विचारलं, "काका, घरात ओल आहे का?"

"ओल?" झकेरिया म्हणाला. त्या घडीलाही त्याचा आवाज जरा चढला. "डॉक्टर, त्या खोलीएवढी कोरडी खोली पनवेलात सापडायची नाही."

डॉक्टरनं मान डोलावली. तिनं विश्वास ठेवला.

तोंडावरचा मास्क बाजूला करून फरिदा थोडं बोलली ते दुसऱ्या दिवशी. झकेरिया तिला म्हणत होता, "लवकर बरी हो, चल घरी. भिंत वाट बघतेय." ती त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत असं काही होतं की त्याला ते दुखणं वाटलं. मग तिनं त्याचा हात धरला, तोच, लाकडाचा, आणि म्हणाली, "माझी गोधडी राहू द्या तिथं. काढू नका."

"कशाला काढतोय? येशील तेव्हा तशीच असेल."

"माजला पण काढू देऊ नका," ती म्हणाली. त्यानंतर ती उठलीच नाही.

मय्यत घरी आणली. न्हाऊ घालण्यासाठी बायकांना कोमट पाणी हवं होतं. अंगणात चुलीवर पातेलं चढवलं होतं. झकेरिया पुढे झाला. तिच्यासाठी एवढं तरी आपण करावं असं त्याला वाटलं. त्यानं पाण्यात हात घातला. थांबला. हात बाहेर काढून पुन्हा घातला. बाया वाट बघत होत्या. पाणी गार आहे का कोमट आहे, त्याला काही सांगता येईना. सवयीनं त्याची मान खोलीकडे वळली, विचारायला. आणि तिथं विचारायला कुणी नव्हतं. तो उभ्या जागी रडायला लागला. वेणूनं पातेल्यात कोपर बुडवलं आणि हळूच म्हणाली, "झालं भाय. बास एवढं."

तीन दिवस घरात चूल पेटायची नव्हती. दुखवट्याच्या घरात पेटत नाही, शेजारीच जेवण पाठवतात. बेकरीही बंद. नवा ओव्हन बंद, जुनी भट्टी बंद. तिसऱ्या दिवशी सकाळी जियारतची दुआ झाली, माणसं पांगली. माज मशिदीत थांबला होता. झकेरिया पहिल्यांदाच एकटा तिच्या खोलीत गेला आणि तिच्या जागी, गादीवर बसला. त्याला तिची ऊब हवी होती, दुसरं काही नको. भिंतीत तरी ती उरली असेल. तिनंच सांगितलं होतं, हॉस्पिटलात नेलं त्याच्या आदल्या संध्याकाळीसुद्धा, की मस्त ऊब आहे.

गोधडीला हात न लावण्याचा शब्द त्यानं दिला होता. पण गोधडीला तिच्या केसांचा, तेलाचा वास होता, आणि त्यानं गोधडीत तोंड खुपसलं. गाल भिंतीला टेकला.

गार. गार आणि ओली. विहिरीच्या आतल्या दगडासारखी.

तो झटकन मागे सरला. मग त्यानं गोधडीचं टोक उचललं. भिंतीला घाम फुटला होता. चुना फुगून पापुद्रे निघाले होते, त्यावर मिठाची पांढरी बुरशी चढली होती, आणि तिची पाठ जिथं टेकायची तिथं काळा, ओला डाग होता. गोधडी मागच्या अंगानं भिजून जड झाली होती. हे एका दिवसाचं काम नव्हतं, दोन दिवसांचंही नव्हतं. कमळाकरचे शब्द त्याला इतक्या वर्षांनी ऐकू आले. गार झालं का पानी ओढतं. सगळ्या पावसाळ्यात हवेतलं पाणी त्या मिठानं ओढलं होतं, आणि फरिदा तिथंच पाठ लावून बसली होती, रोज, तो यायची वाट बघत, त्याला ऊब आहे म्हणून सांगायला.

दारात वेणू उभी होती. हातात झाकलेलं ताट होतं. श्रावण म्हणून वालाचं बिरडं आणि भाकरी आणली होती. तिनं उचललेली गोधडी बघितली आणि ताट खाली ठेवलं.

"तुला माहीत होतं," झकेरिया म्हणाला.

वेणू खाली बसली. तिनं पदर तोंडाशी धरला. "तिनं मना माज्या नातवाची शपथ घातली, भाय. आमी रोज भांडायचू. मी बोल्ले, सांगते झकेरियाभायला, पेटवू दे भट्टी. ती बोल्ली, भट्टी पेटली का टाळा लागंल, टाळा लागला का माज जाईल. तो गेला तं मी तशीबी मरनार हाय, वेणू. हितं निदान त्याचा तोंड बगत मरंन."

"मला सांगायचं होतंस. मला तरी."

"तुमाला कसं सांगनार? तुमी सगल्यांना सांगत होते, गनपतीपरत गार नाय होनार. ती बोल्ली, त्यांचा शबूद खाली पडू देनार नाय मी."

आपण बढाई मारली आणि तिनं ती अंगावर घेतली, एवढंच झकेरियाला कळत होतं. एकदा, फक्त एकदा गाल लावून बघितलं असतं. तिनंच शिकवलं होतं. पोराच्या कपाळाला लावायचा तसा, वाकून, लाज सोडून.

बाहेर फाटक वाजलं. माज आला होता. अंगणात चपला काढल्याचा आवाज झाला.

वेणूनं झकेरियाकडे बघितलं. त्यानं डोळे पुसले आणि गोधडी खाली सोडली, दोन्ही हातांनी सारखी केली, कोपरे खिळ्यांत नीट अडकवले. मग गोधडीला पाठ टेकून बसला, फरिदा बसायची तसा. ओल सदऱ्यातून आत शिरली. हातांना जे कळत नव्हतं ते पाठीला लख्ख कळत होतं.

माज आत आला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. त्याला धीर धरवत नव्हता हे दिसत होतं. तो बापाशेजारी गादीवर बसला. "अब्बा," तो म्हणाला, "डॉक्टर ओलीचं विचारत होत्या. माझ्या डोक्यातून जात नाही. मी भट्टी विझवायला लावली, त्यानं तर नाही ना... भिंत गार पडली होती का?"

वेणूनं मान खाली घातली.

"वेडा की काय," झकेरिया म्हणाला. "बापाच्या वेळेपासून तापलेली भट्टी आहे. मस्त ऊब आहे अजून."

"खरंच?" माजनं विचारलं, आणि गोधडीच्या कडेखालून भिंतीकडे हात नेला.

झकेरियानं तो हात वाटेतच धरला. दोन्ही हातांत घेतला आणि आपल्या मांडीवर ठेवून घट्ट दाबून धरला. पोराचा हात गरम आहे की गार, त्याच्या तळव्यांना काही कळत नव्हतं. त्यानं तो सोडला नाही.

"अम्मी पण रोज हेच सांगायची," माज म्हणाला आणि बापाच्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागला. वेणू उठली, ताटावरचं झाकण काढलं आणि दोघांना जेवायला वाढलं.